स्पॅनिंग ट्रीमधील प्रायॉरिटी म्हणजे गुण नव्हेत, क्रमांक

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत आणि नंतर बेळगावात डिप्लोमा करून मी उद्यमबागेतील एका कारखान्यात नेटवर्कच्या कामाला लागलो. स्पॅनिंग ट्री म्हणजे नेटवर्कच्या स्विचमध्ये (संगणकांना केबलने एकत्र जोडणाऱ्या पेट्यांमध्ये) डेटा गोल फिरत राहू नये म्हणून जास्तीचे दुवे आपोआप बंद ठेवणारी पद्धत. पहिल्याच वर्षी तिच्या एका आकड्याने मला जवळजवळ तीन आठवडे झोपू दिले नाही. व्हीएलएएन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) आणि ट्रंक (ती सगळी वाहून नेणारा दुवा) ज्यांना समजतात, पण स्पॅनिंग ट्रीपाशी ज्यांची गाडी अडते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

कारखान्यात दोन मुख्य स्विच होते; त्यांना अ आणि ब म्हणू. ते एकमेकांना गिगाबिट केबलने जोडलेले होते आणि सर्व्हर अ वर होता. ऑफिस आणि स्टोअरचे स्विच गिगाबिटने अ व ब या दोहोंना जोडलेले होते, तर मशीन शॉपमधला जुना स्विच दोहोंना १०० एमबीपीएसने जोडलेला होता. रूट ब्रिज, म्हणजे ज्याला केंद्र धरून बाकीचे स्विच आपली वाट ठरवतात तो स्विच, अ असावा, तो बंद पडल्यास ब असावा, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी अ ला ६१४४० आणि ब ला ५७३४४ प्रायॉरिटी दिली आणि बाकीचे स्विच मूळच्या ३२७६८ वर राहू दिले.

येथेच मी फसलो. प्रायॉरिटी म्हणजे प्राधान्य, आणि प्राधान्य जास्त हवे तर आकडाही मोठा हवा, असे मी गृहीत धरले होते. वास्तविक हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा नसून वर्गातील क्रमांकासारखा आहे: जितका लहान, तितका पुढे. ६१४४० हा त्यातील सर्वांत मोठा आकडा असल्यामुळे मी अ ला रांगेत सर्वांत शेवटी उभे केले होते. ३२७६८ वाल्या तिघांत बरोबरी झाली, ती मॅक पत्त्यावर (प्रत्येक स्विचला कारखान्यातूनच मिळालेल्या क्रमांकावर) सुटली आणि सर्वांत लहान मॅक पत्ता असलेला मशीन शॉपचा स्विच रूट झाला. अमेरिकी संगणकतज्ज्ञ रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ही पद्धत रचली, ती मुळात कोणी काहीही न ठरवता आपोआप चालावी अशी; त्यामुळे चुकीचा स्विच निवडला गेला तरी ती तक्रार करत नाही.

परिणाम कागदावर मांडून पाहा, कारण मला तो तसाच समजला. स्पॅनिंग ट्री प्रत्येक दुव्याला वेगानुसार एक खर्च लावते आणि रूटकडे जाणारी सर्वांत कमी खर्चाची वाट निवडते. १०० एमबीपीएसच्या दुव्याचा खर्च १९ आणि गिगाबिटचा ४ धरला, तर अ आणि ब दोघेही थेट १९ खर्चात रूटला पोहोचतात. मग त्यांच्यामधल्या केबलवर ब चा आकडा लहान म्हणून अ चे टोक बंद होते. ऑफिसच्या स्विचला दोन्ही बाजूंनी २३ खर्च पडतो, म्हणून तोही लहान आकड्याच्या ब कडे वळतो. म्हणजे ऑफिसमधून सर्व्हरवरील ड्रॉइंग उघडताना सगळा डेटा ब कडून मशीन शॉपच्या जुन्या स्विचमधून अ कडे जात होता, आणि मी मात्र सर्व्हरची हार्ड डिस्क तपासत बसलो होतो.

माझ्या वरिष्ठांनी कीबोर्डला हातही लावला नाही. त्यांनी पेन्सिल पुढे केली आणि प्रत्येक स्विचवर शो स्पॅनिंग-ट्री ही कमांड चालवून रूट कोण ते लिहायला सांगितले. माझे स्पष्ट मत आहे की तुमच्या जागी बसून भराभर कमांड टाइप करून देणारा मार्गदर्शक तुमचे काम करून देतो, शिकवत नाही. क्लासच्या नोट्समधील रूट प्रायमरी ही स्विचला रूट करणारी कमांडही मला पसंत नाही, कारण ती त्या क्षणी आकडा काढून मोकळी होते; उद्या कोणी त्याहून लहान आकड्याचा स्विच जोडला, तर रूटपद त्याच्याकडे जाते. आकडा स्वतः लिहा: अ ला ४०९६, ब ला ८१९२. तो ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो, कारण उरलेले १२ बिट व्हीएलएएनच्या क्रमांकासाठी राखलेले असतात. व्हीएलएएन १ मध्ये ३२७६८ ऐवजी ३२७६९ दिसले तर घाबरू नका, त्यात व्हीएलएएनचा क्रमांक १ मिळवलेला असतो, तेथे काहीही बिघडलेले नाही.

मात्र कंटाळून स्पॅनिंग ट्रीच बंद करू नका. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते. एकदा फेरा तयार झाला की ब्रॉडकास्ट (सर्वांना पाठवलेली फ्रेम) फिरतच राहतो आणि सगळे नेटवर्क ठप्प होते. संगणकाला पत्ता मिळायला ३० सेकंद लागतात म्हणून पोर्टफास्ट (स्पॅनिंग ट्रीची वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सोय) लावायचे असेल, तर ते फक्त संगणकाच्या पोर्टवर, आणि सोबत बीपीडीयू गार्ड हवेच; त्या पोर्टवर दुसऱ्या स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा संदेश (बीपीडीयू) आला, तर ते पोर्ट बंद करते.

आकडे बदलल्यावर सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन मी अ बंद केला. सर्व्हर तुटणारच होता. पण अर्ध्या मिनिटाने ऑफिसमधून स्टोअरच्या प्रिंटरला पुन्हा उत्तर मिळू लागले आणि ब स्वतःला रूट म्हणवू लागला. अ पुन्हा सुरू करून रूटपद त्याच्याकडे परत आलेले पाहिले, कागदावर तारीख टाकली आणि तो स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.