ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी रॅम बघा

पुतण्याचा पीसी परवा उघडून बघितला, एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, गेम अडखळतोय म्हणून दुकानात विचारलं तर जीटी ७३० हे जुनं स्वस्त ग्राफिक्स कार्ड टाका म्हणले. अहो त्या कार्डापेक्षा ह्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच दमदार आहे! आत १६ जीबीची एकच रॅम होती, ती देऊन आठ-आठच्या दोन घेतल्या आणि गेम सरळ चालायला लागला.

कसंय, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधूनच ओढायचं. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि स्पीड) ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२, आणि डीडीआर५ ६००० च्या दोन असतील तर ९६. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डाला मात्र स्वतःचे ३६० आहेत, फरक पडतो तो इथं.

मग काय करायचं, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसेल. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा भरायचा, आणि बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडनं चालवणारं सेटिंग, चालू करायचं, ते राहिलं तर महागडी रॅम पण हळूच चालते.

नवीन घेताय तर इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे का बघा, असेल तर आत ग्राफिक्सच नाही, कार्ड घ्यावंच लागणार. एएमडीत रायझन ५ ८६००जी चांगला. ८५००जी नको, म्हणजे पुढं कार्ड टाकायचं डोक्यात असेल तर, कारण त्यात कार्डासाठी चारच लेन (प्रोसेसर आणि कार्डातले डेटाचे रस्ते) आहेत, ८६००जीत आठ.

स्वस्तातल्या कार्डांचे दिवस संपले असं मला मनापासून वाटतं. २०२५ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ मध्ये ४० ग्राफिक्स युनिट एकाच चिपवर आहेत, फक्त त्याची रॅम बोर्डाला डाग दिलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच जास्त घ्या. त्याच वर्षी एनव्हिडियानं इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आपलं आरटीएक्स ग्राफिक्स बसवणार म्हणून. पण मोठी कार्डं राहणारच, आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॉट घेतं, एवढी उष्णता प्रोसेसरच्या पंख्याखाली कुठं जाणार?

ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर), एआयचं काम, मोठ्या स्क्रीनवर नवे गेम असं असेल तर कार्ड खुशाल घ्या. जुना पॉवर सप्लाय असेल तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० बघा, ७० वॉटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही.

आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, त्यात कॅबिनेट टेबलाखाली कोंबलेलं. घरात नाहीतर शेजारी माग असेल तर कापसाची धूळ पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, पातं बोटानं धरून, मऊ ब्रशनं ती काढा, पातं गरागरा फिरू देऊ नका.