यूडीपीत उत्तर पाठवायचं कुठे?

कोथरूडच्या खोलीवर दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून यूडीपीवर, म्हणजे पोचपावती न घेता नेटवर्कवरून निरोप पाठवायच्या पद्धतीवर, छोटा चॅट प्रोग्रॅम लिहीत होतो. निरोप जायचा, उत्तर काही येईना. अख्खी संध्याकाळ गेली. चूक एवढीच, की सर्व्हरमध्ये (उत्तर देणाऱ्या बाजूला) क्लायंटचा (निरोप पाठवणाऱ्याचा) पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमचा नेटवर्कवरचा दार-क्रमांक, ५००० असा हाताने लिहून ठेवला होता. क्लायंटने बाइंड केलेलं नसेल, म्हणजे स्वतःचा पोर्ट आधी ठरवला नसेल, तर पहिला डेटाग्रॅम (यूडीपीचा एक सुटा निरोप) पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याला स्वतःहून एखादा मोकळा पोर्ट देते. तो आधी कळणार कसा? म्हणून निरोप घेणाऱ्या रिसीव्ह-फ्रॉम या फंक्शनमधून जो आयपी पत्ता आणि पोर्ट हाती येतो, त्यालाच उत्तर द्या. तेही ज्या सॉकेटवर (प्रोग्रॅमचं नेटवर्कशी जोडलेलं टोक) निरोप आला त्याच सॉकेटवरून. दुसऱ्या पोर्टवरून आलेलं उत्तर क्लायंटकडचा राउटर बऱ्याचदा आतच सोडत नाही.

यूडीपीत पोचपावती नसते. त्यामुळे क्लायंटच्या सॉकेटला २ सेकंदांचा टाइमआउट लावाच, नाहीतर एक डेटाग्रॅम हरवला की प्रोग्रॅम तिथेच ताटकळतो. निरोपाला क्रमांक द्या आणि उत्तरात तोच परत पाठवा, म्हणजे उशिरा आलेलं जुनं उत्तर लगेच ओळखता येतं. साध्या इथरनेटवर मजकूर १४७२ बाइटच्या आत ठेवा, तुकडे पडत नाहीत.