छाटणी झाली, आता पंपाचा वास घ्या

ऑक्टोबर छाटणी आटोपते तेव्हा नाशिकमध्ये दोन कामं एकमेकांच्या अंगावर येतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांना पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटत असतो. त्याच पंधरवड्यात शहराच्या कडेच्या लॉन्सवाल्यांना तुळशीच्या लग्नाआधी हिरवळ नीट हवी असते. पावसाळ्यात माजलेलं रुंद पानाचं तण मारायला तिथे सर्रास २,४-डी हे तणनाशक वापरतात. दिवसभर लॉनवर राबलेला फवारणीचा पंप संध्याकाळी गड्याबरोबर गावाकडे येतो, आणि सकाळी त्यातच बुरशीनाशक कालवून बागेच्या कडेच्या ओळी मारल्या जातात.

माझ्या साडूच्या बागेत नेमकं हेच झालं. कोवळी पानं पंख्यासारखी चुण्या पडून आखडली, शिरा जवळजवळ आल्या, कडा करवतीसारख्या झाल्या, शेंडे वाकले. दुकानदाराने मोबाईलवरचा फोटो बघूनच ‘व्हायरस’ सांगितला आणि टॉनिकच्या दोन बाटल्या गळ्यात मारल्या. मी ओळीने चालत गेलो. पहिली झाडं सर्वांत वाईट, पुढे पुढे कमी, आणि एका जागी नुकसान एकदम थांबलेलं. पहिली टाकी, पंपात उरलेल्या २,४-डीसकट, तिथे संपली होती. व्हायरसला टाकी कुठे संपली ते कळत नाही. त्या ओळींचा माल त्या वर्षी गेलाच, बाटल्यांचे पैसे वेगळे.

म्हणून ‘लॉनसाठी चांगला पंप कोणता’ असं कुणी विचारलं की मी आधी दोन पंप घ्यायला सांगतो. दुकानात डबल मोटर, वीस लिटर, वर दिवा असलेला एक महागडा पंप पुढे करतात. त्याच पैशात साधे दोन बसवा. एक तणनाशकाचा, त्याला लाल पट्टा रंगवा आणि तो घरात वेगळ्या खुंटीला टांगा. बादली, मापटं, काठी, गन हेही त्याचं वेगळं. पंप वेगळा आणि बादली एकच, असं करून फसलेले मी पाहिलेत.

तणनाशकाला हातपंप पुरे. दाब कमी, थेंब जाड, उडून शेजारी कमी जातं. नोझल पंख्यासारखी पसरट धार देणारं हवं. बुरशीनाशक-कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल आणि बॅटरीचा पंप चालेल. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची साधी बॅटरी छोट्या कामाला पुरते, मात्र ती चार्ज न करता पावसाळाभर कोपऱ्यात टाकली की मेलीच समजा. सोळा लिटर पाणी आणि वर पंपाचं वजन मिळून पाठीवर वीस किलोच्या पुढे जातं. म्हणून पट्टे रुंद आणि गादीचे बघा. वीस लिटरच्या टाकीचा मोह माझ्या मते चाळिशीनंतर सोडावा.

घेताना दुकानातच साधं पाणी भरा, झाकण लावा, पाठीवर घेऊन पुढे वाका. मानेवर थेंब आला तर परत द्या. गनचा खटका सोडल्यावर नोझल गळत राहिलं तरी परत. हे नखरे नव्हेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, आणि गळका पंप म्हणजे पाठीवर दिवसभर औषधाने भिजलेला सदरा. वायसर, जाळी, नोझल तुमच्याच बाजारात सुटे मिळतात का तेही विचारा. सुटा भाग मिळत नसेल तर वॉरंटीचा कागद काय चाटायचाय?

मापाचं थोडं. एक गुंठा हिरवळ आखा, पंपात मोजून साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने फवारा आणि किती संपलं ते बघा. पाच लिटर लागलं तर एकराला दोनशे लिटर होतं. ‘पंपाला एवढं’ या हिशोबावर जाऊ नका. सांगणाऱ्याच्या डोक्यात पंधराचा पंप असतो, तुमचा सोळाचा किंवा वीसचा. मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला अडीच ग्रॅम असेल तर सोळा लिटरला ४० ग्रॅम. बागेत मात्र पुण्याजवळ मांजरी गावी असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आणि डब्यावरचं लेबल यांच्याबाहेर जाऊ नका, विशेषतः माल निर्यातीचा असेल तर.

२,४-डीच्या लेबलवर गहू, मका, ऊस अशी पिकं असतात. तुमच्या डब्यावर हिरवळीचं नाव नसेल तर खुरपं घ्या. लव्हाळ्याच्या गाठी तर त्याने मरतही नाहीत, हरळीतला लव्हाळा गाठीसकट खणून काढलेला बरा.

पंप एकच आहे, दुसऱ्याला पैसे नाहीत, असं म्हणणारे असतातच. त्यांनी निदान हे करावं: टाकी रिकामी करून साध्या पाण्याने खळखळून घ्या. मग टाकीभर पाण्यात लिटरला पाच ग्रॅम या हिशोबाने धुण्याचा सोडा घालून थोडं नळी आणि गनमधून सोडा आणि उरलेलं रात्रभर राहू द्या. जाळी, नोझल काढून त्याच पाण्यात भिजत टाका. सकाळी तीन वेळा स्वच्छ पाणी. हे पाणी विहीर, ओढा, ठिबकची टाकी यांच्या जवळपासही नको. एवढं करूनही एस्टर प्रकारचं २,४-डी रबरी नळीत मुरतं, आणि त्या पंपावर द्राक्ष-टोमॅटोसाठी मी तरी विश्वास ठेवत नाही.

परतीचा पाऊस लांबला की खरी भीती. पानं ओली राहतात, डाऊनी, म्हणजे ओल्या पानांवर येणाऱ्या केवडा रोगाच्या धास्तीने माणूस पहाटेच उठतो आणि अंधारात हाताला लागेल तो पंप उचलतो. लाल पट्टा त्याच वेळेसाठी आहे.

बाकी या पंधरवड्यातली नेहमीची कामं:
- वायसरला तेलाचं बोट
- नोझल टाचणीने नाही, जुन्या दातब्रशने साफ
- लॉनची कापणी, तण मारायच्या दिवशी नको
- हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा
- रिकामे डबे भोक पाडून वेगळे

लॉनच्या शेजारी बाग असेल तर तणनाशक मारायच्या आधी एक उदबत्ती लावून बघा. धूर जमिनीलगत आडवा पसरून तरंगत राहिला तर थांबा. पहाटेच्या धुक्यात वारा नाही म्हणून बरं वाटतं, पण बारीक थेंब खाली न बसता सरकत शेजारच्या बागेत जातात. ऊन चढून धूर वर जाऊ लागला, वारा मंद आणि बागेकडून लॉनकडे असला, तरच खटका दाबा.

आणि उसना आणलेला पंप, देणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी, आधी झाकण उघडून हुंगा. औषधाचा वास आला तर परत पाठवा. वास नसला तरी त्यातलं धुण्याचं पाणी कुंडीतल्या एका टोमॅटोच्या रोपावर मारा आणि दोन-तीन दिवस वाट बघा. शेंडा वळला तर रोप गेलं, बाग राहिली.