तुटलेल्या गिअरचं माप काढताना ओडीवर थांबू नका

तुटका गिअर हातात आला की बहुतेक जण दात मोजतात, व्हर्निअरने बाहेरचा व्यास म्हणजे ओडी घेतात, ओडीला ‘दात अधिक दोन’ने भागतात आणि आलेल्या आकड्याला मोड्यूल (दाताच्या आकाराचं मेट्रिक माप) म्हणतात. साध्या, स्टँडर्ड गिअरला हे चालतं. पण ओडी लेथवर ठरते. ब्लँक, म्हणजे दात कापण्याआधीची चकती, कितीला टर्न केला एवढंच ती सांगते. दाताची बाजू कोणत्या वर्तुळातून निघाली याबद्दल ती काहीच सांगत नाही. ते वर्तुळ म्हणजे बेस सर्कल, आणि ते सापडल्याशिवाय मी तरी नवीन गिअरच्या ड्रॉइंगला हात लावत नाही.

इथे लिहितोय ते सरळ दातांच्या, म्हणजे स्पर गिअरबद्दल. तिरक्या दातांना हेलिक्स अँगलचा आणखी एक हिशोब लागतो. जुन्या घड्याळांतली चाकं तर बहुधा सायक्लॉइड वक्राची असतात, त्यांना यातलं काहीच लावू नका.

आधी मुळाशी जाऊ. बेस सर्कलवर दोरा गुंडाळा आणि ताठ ठेवत उलगडा. दोऱ्याच्या टोकाने जी रेघ निघते ती इन्व्हॉल्यूट. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात गिअरच्या दातांसाठी हा वक्र सुचवला आणि आजही यंत्रांमधले बहुतेक गिअर त्याच वक्राचे असतात. त्याचा एक गुण मापाच्या कामात फार उपयोगी पडतो. उलगडलेला दोरा बेस सर्कलला नेहमी स्पर्शिका असतो आणि दाताच्या पृष्ठभागाला नेहमी काटकोनात. म्हणून व्हर्निअरचे दोन समांतर जबडे काही दात मध्ये घेऊन दोन बाहेरच्या फ्लँकवर (दातांच्या बाजूंवर) टेकवले, तर जबड्यांमधलं अंतर म्हणजे तो दोराच असतो. व्हर्निअर थोडा इकडेतिकडे कलला तरी, जोवर जबडे फ्लँकवर टेकून आहेत, माप बदलत नाही. पहिल्यांदा हे हाताला जाणवतं तेव्हा फार छान वाटतं. जरूर करून बघा.

मध्ये आणखी एक दात घेतला की माप बरोबर एका बेस पिचने (बेस सर्कलवर मोजलेल्या दोन शेजारच्या दातांमधल्या अंतराने) वाढतं, आणि बेस पिच म्हणजे ३.१४१६ × मोड्यूल × प्रेशर अँगलचा कोसाइन. प्रेशर अँगल म्हणजे दातांमधला जोर ज्या तिरक्या रेषेत जातो तिचा कोन. २० अंशांना हा कोसाइन ०.९३९७ आणि जुन्या साडेचौदा अंशांना ०.९६८१. दाताची जाडी किती, ओडी किती, दात सरकवून (हत्यार केंद्रापासून नेहमीपेक्षा दूर किंवा जवळ ठेवून) कापलाय का, यांतल्या कशाचाही बेस पिचवर परिणाम होत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. दात २४, ओडी ६६.० मिमी. भागाकार २.५४ येतो, म्हणजे इंची पद्धतीचा १० डीपी (डायमेट्रल पिच), कारण २५.४ भागिले मोड्यूल म्हणजे डीपी. सगळं जुळलेलं दिसतं. तरी थांबा आणि व्हर्निअर लावा. २४ दात आणि २० अंश असतील तर तीन दातांवर माप घ्यायचं. (सर्वसाधारणपणे दातांची संख्या भागिले नऊ अधिक अर्धा, आणि जवळचा पूर्णांक.) समजा तीन दातांवर १९.५८ आलं. १० डीपीला हिशोबाने १९.६० यायला हवं, म्हणजे हेही जुळलं. इथेच फसायला होतं. आता चार दातांवर घ्या: २६.९६. वजाबाकी ७.३८. १० डीपी, २० अंशांचा बेस पिच ७.५० असतो आणि अडीच मोड्यूलचा ७.३८. म्हणजे हा गिअर मेट्रिक आहे, अडीच मोड्यूलचा. दात बाहेर सरकवून कापल्यामुळे ओडी वाढलेली आहे.

ही वजाबाकी ०.१२ मिमीच्या फरकावर निर्णय देते, त्यामुळे मापात हयगय नको. डिस्क मायक्रोमीटर असेल तर उत्तम, नसेल तर चांगला व्हर्निअर आणि तीन-चार जागी घेतलेली मापं. दातांच्या कडांवरची बर (धातूची बारीक कड) आधी ऑइल स्टोनने काढा. झिजलेल्या गिअरवर कुठे मोजायचं हेही बघा. जोडीतले दोन गिअर पुष्कळदा सारख्या रुंदीचे नसतात; रुंद गिअरच्या कडेला एक बारीक पट्टी राहते जिथे समोरचा दात पोचलेलाच नसतो. नख फिरवलं तर तिथे पायरी लागते. त्या पट्टीवर घेतलेलं माप नव्या गिअरच्या मापासारखंच धरता येतं. अशी पट्टी नसेल तर टोकाजवळची आणि मुळाजवळची जागा टाळा, कारण दात एकमेकांवर घासतात ते तिथे सर्वांत जास्त; पिच सर्कलवर (मोड्यूल × दात इतक्या व्यासाचं कल्पित वर्तुळ) ते फक्त लोळतात.

दातांची संख्या विषम असेल तर व्हर्निअर ओडी थोडी कमी दाखवतो, कारण एका दातासमोर बरोबर दुसरा दात येत नाही. तिथे बोअरपासून (मधल्या भोकाच्या कडेपासून) दाताच्या टोकापर्यंत मोजा, त्यात बोअरची त्रिज्या मिळवा आणि दुप्पट करा.

दात किती सरकवलाय ते आता ओडीवरून काढता येईल. ६६ भागिले २.५ म्हणजे २६.४. स्टँडर्ड २६ असता, जास्तीचे ०.४, त्याचं अर्धं ०.२. हा शिफ्टचा गुणांक. सरकवतात कशासाठी? २० अंशांच्या गिअरला १७ पेक्षा कमी दात असतील तर कापताना मूळ पोखरलं जातं, ते टाळायला. किंवा दोन शाफ्टमधलं अंतर स्टँडर्ड येत नसेल तर जुळवून घ्यायला. २४ दातांना पोखरण्याची भीती नाही, म्हणून इथे दुसरं कारण शोधायचं. समोरचा गिअर ३६ दातांचा आणि साधा असेल तर स्टँडर्ड अंतर ६० दात × २.५ भागिले २, म्हणजे ७५ मिमी. हाउसिंगमध्ये मोजलं आणि साडेपंच्याहत्तर आलं, तर कोडं सुटलं: ०.२ शिफ्टला हिशोबाने ७५.४९ लागतं. १० डीपीची जोडी असती तर ७६.२ यायला हवं होतं. बेस पिच आणि शाफ्टमधलं अंतर, दोन्ही साक्षीदार एकच बोलले की मी पुढे जातो. ते वेगळं बोलत असतील तर पुन्हा मोजतो, कितीही वेळ लागो.

अंतर अर्धा मिमी वाढलं तरी वेग बिघडत नाही, कारण गुणोत्तर दोन बेस सर्कलवरून ठरतं आणि ती गिअरच्या अंगातच असतात. फक्त प्रत्यक्षातला प्रेशर अँगल २० वरून २१ अंशांच्या आसपास जातो. सायक्लॉइडला ही सवलत नाही.

आता ड्रॉइंग. पिच सर्कलची त्रिज्या २४ × २.५ भागिले २, म्हणजे ३०. बेस सर्कलची त्रिज्या ३० × ०.९३९७, म्हणजे २८.१९ मिमी. टोकाची ३३.०, मुळाची २७.३८. वक्राचे बिंदू काढायचं सूत्र छोटं आहे. ‘को’ म्हणजे उलगडण्याचा कोन, रेडियनमध्ये:

आडवं अंतर = त्रिज्या × (को चा कोसाइन + को × को चा साइन)
उभं अंतर = त्रिज्या × (को चा साइन − को × को चा कोसाइन)

त्रिज्या अर्थातच बेस सर्कलची. कोन शून्यापासून सुरू करा आणि ०.६०८ पर्यंत न्या. तिथे वक्र टोकाच्या वर्तुळाला भिडतो. मध्ये पंधरा बिंदू पुरतात, त्यांतून स्प्लाइन (बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र) काढा. वर्तुळाचा कंस काढून ‘जवळपास तसंच दिसतं’ म्हणू नका. दिसतं खरं, पण वेग दर दाताला किंचित मागेपुढे होतो आणि गिअर गुणगुणायला लागतो.

दाताची दुसरी बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी काढायची आहे. त्यासाठी आरशाची रेघ बेस सर्कलवरच्या सुरुवातीच्या बिंदूपासून ४.९५ अंशांवर येते. हा आकडा असा: १.५७०८ मध्ये दोनदा शिफ्ट × २० अंशांचा टॅन (०.३६४) मिळवा, दातांच्या संख्येने भागा, आणि त्यात ०.०१४९ मिळवा. उत्तर रेडियनमध्ये येतं, ५७.३ ने गुणलं की अंश. शेवटचा ०.०१४९ म्हणजे टॅन २० वजा तोच कोन रेडियनमध्ये. गिअरवाल्यांना तो तोंडपाठ असतो.

बेस सर्कलच्या आत इन्व्हॉल्यूट अस्तित्वातच नाही. २० अंशांच्या स्टँडर्ड गिअरमध्ये ४१ दातांपर्यंत मुळाचं वर्तुळ बेस सर्कलच्या आत असतं, आपल्याही गिअरमध्ये आहे. तेवढ्या भागात केंद्राकडे जाणारी सरळ रेघ आणि तळाला फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) द्या. स्टँडर्ड रॅकला (ज्यावरून गिअरच्या दातांची मापं ठरतात ती सरळ दातेरी पट्टी) फिलेट मोड्यूलच्या ०.३८ पट, इथे सुमारे ०.९५ मिमी. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या गिअरला हे पुरतं. हॉब (गिअर कापणारं स्क्रूसारखं हत्यार) त्या जागी आपला वक्र स्वतःच सोडतो.

कापणार असाल तर हॉबिंगच करून घ्या. हॉब तोच, अडीच मोड्यूलचा, २० अंशांचा. तो फक्त ०.५ मिमी बाहेर राहतो. पूर्ण खोली ५.६२५ मिमीच. मिलिंगवर आठ कटरच्या सेटमधून कापायची वेळ आलीच, तर २१ ते २५ दातांना मोड्यूल सेटमध्ये चार नंबर लागतो आणि डीपी सेटमध्ये पाच, कारण दोन्हींचे नंबर उलटे चालतात. शिवाय तो कटर २१ दातांच्या आकाराचा असतो आणि शिफ्टची त्याला कल्पना नसते, म्हणून अशा गिअरला मी मिलिंग सुचवत नाही.

बॅकलॅशसाठी (दातांमधल्या मोकळिकीसाठी) तीन दातांचं माप हिशोबापेक्षा थोडं कमी ठेवा. इथे हिशोबाने १९.६३ येतं, मी ड्रॉइंगवर १९.५५ ते १९.५८ लिहितो. मूळ गिअरवर १९.५८ मिळालं होतं ते यामुळेच. कापणाऱ्याला ओडीबरोबर हेच माप द्या, आणि शेवटच्या कटच्या आधी गिअर मशीनवर असतानाच ते घ्यायला सांगा. हॉब १ मिमी आत गेला तर हे माप ०.६८४ मिमीने कमी होतं. म्हणजे १९.६४ आलं आणि १९.५७ हवं असेल, तर हॉब ०.१ मिमी आत घ्यायचा.