रक्तदानानंतर लोह भरून काढायचं कसं

रक्त देऊन झालं की हातात बिस्किटाचा पुडा आणि केळं येतं. केळ्यानं तरतरी येते, ते जरूर खा. पण त्यानं रक्त वाढतं ही समजूत केळीच्या मुलखात कितीही पक्की असली तरी खरी नाही. 100 ग्रॅम केळ्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं.

गेलं किती, ते आधी मोजू. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. तुमचं हिमोग्लोबिन 13.5 असेल आणि 350 मिलिलिटर रक्त दिलं असेल, तर साधारण 47 ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे 160 मिलिग्रॅम लोह गेलं. पिशवी 450 मिलिलिटरची असेल तर 200 च्या वर. रोजच्या जेवणातून अंगी लागतं एक ते दोन मिलिग्रॅम आणि त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत संपतं. म्हणून रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरतं, तांबड्या पेशी चार ते आठ आठवड्यांत, पण लोहाचा साठा भरायला नुसत्या जेवणावर सहा महिनेही कमी पडू शकतात.

पहिला दिवस

सुई काढल्यावर कोपर दुमडू नका. हात सरळ ठेवून कापूस पाच-दहा मिनिटं दाबून धरा. हात दुमडला की शिरेचं तोंड नीट बंद होत नाही आणि दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा पडतो. 10-15 मिनिटं तिथेच बसा, मगच उठा. दिवसभरात नेहमीपेक्षा तीन-चार ग्लास पाणी जास्त प्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी रक्त देऊन लगेच मोटारसायकलवर गावी निघणं धोक्याचं आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच आडवे व्हा आणि पाय उंचावर ठेवा. केळीचे घड उचलणं, पोती वाहणं, विहिरीत उतरणं दुसऱ्या दिवसावर टाका. बोटांना मुंग्या येत राहिल्या किंवा सूज वाढली तर रक्तपेढीला कळवा.

गोळी कोणी आणि किती घ्यायची

पाळी येणाऱ्या स्त्रिया, पंचविशीच्या आतले तरुण आणि वर्षातून तीनदा रक्त देणारे, यांचा साठा सगळ्यात आधी रिता होतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

पाकिटावर मोठ्या अक्षरात लोहाच्या क्षाराचं, म्हणजे अख्ख्या संयुगाचं वजन छापलेलं असतं, तिथे फसू नका. ‘फेरस सल्फेट 200 मिलिग्रॅम’ म्हणजे 60 च्या आसपास मिलिग्रॅम लोह. बघायचा तो ‘एलिमेंटल आयर्न’चा, म्हणजे निव्वळ लोहाचा आकडा. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. अशी एक गोळी दिवसाआड, दोन महिने, बहुतेकांना पुरते. हिशोब बघा: 30 गोळ्यांचं 1800 मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग अंगी लागला तरी 180.

रोज का नाही? गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीचं लोह आतड्यातच अडवतं. मध्ये एक दिवस गेला की वाट मोकळी होते, पोटही कमी बिघडतं. कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर दिवसाआडची गोळी हमखास विसरते.

गोळी वाया जाते ती चहामुळे

सकाळी उठल्याबरोबर चहा आणि चहासोबत गोळी, हे करूच नका. गोळी उपाशीपोटी, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत घ्या आणि चहा, दूध, ताक तासभर तरी लांब ठेवा. कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीपासून दोन तास, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास अंतर हवं. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी लागेल, पण गोळी सुटणार नाही. शौच काळसर होणं साहजिक आहे. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं झालं तर मात्र दवाखाना गाठा.

गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एकदम बऱ्याच खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेततं.

ताटात

कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडदाचं लोह असतंच, पण धान्यातलं फायटेट ते धरून ठेवतं. ते सोडवायला ताटात कच्चं लिंबू हवं, आणि तेही भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळलेलं, कारण उकळीत क जीवनसत्त्व जातं. मटकीला मोड आणून उसळ करा, आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवा. मांसाहारी असाल तर कलेजी खा, मांसातलं लोह धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं.

पुढच्या वेळेआधी

पुरुषांनी 90 दिवस, स्त्रियांनी 120 दिवस थांबायचं. रक्तदानाला लागणारं 12.5 हिमोग्लोबिन भरलं म्हणजे साठा भरला असं नव्हे. दम लागणं, केस गळणं, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं दिसलं तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासा. ते 30 च्या खाली असेल तर रक्तदान पुढे ढकला आणि गोळ्या चालू ठेवा. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तिथे हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नसेल तर गोळ्या वाढवत बसू नका, आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.