कोहामध्ये विद्यार्थ्यांची यादी इम्पोर्ट करताना या चुका टाळा

जुलैमध्ये प्रवेश आटोपले, की नागपुरातील महाविद्यालयीन ग्रंथालयांत कार्यालयाकडून विद्यार्थ्यांची एक्सेल यादी येते आणि ती कोहा या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याची घाई सुरू होते. नाव, पत्ता, मोबाइल यांसाठी कोहामध्ये तयार रकाने आहेत. परंतु विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, तालुका, वसतिगृहाची खोली अशा माहितीसाठी ग्रंथालयाला स्वतःचे जादा रकाने, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट तयार करावे लागतात. बिघाड बहुतेक वेळा याच जागी होतो.

पहिली चूक म्हणजे आधी फाइल बनवणे आणि नंतर अ‍ॅट्रिब्यूटचा विचार करणे. सिस्टिम प्रेफरन्समध्ये, म्हणजे कोहाच्या सेटिंग्जमध्ये, एक्स्टेंडेड पेट्रन (ग्रंथालय सदस्य) अ‍ॅट्रिब्यूट्सची सोय सुरू करून प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचा प्रकार आधी नोंदवावा लागतो आणि त्याला जास्तीत जास्त १० अक्षरांचा कोड द्यावा लागतो. एका सदस्याला त्याची अनेक मूल्ये असू शकतील का, आणि ते मूल्य प्रत्येक सदस्यासाठी वेगळेच असले पाहिजे का, हे दोन निर्णय त्याच वेळी घ्यावेत, कारण सदस्यांच्या नोंदींत मूल्ये भरली गेल्यानंतर ते बदलणे अवघड होते. नोंदणी क्रमांकाला ‘युनिक’ ठरवणे योग्यच आहे; जुन्या सदस्यांशी जुळवणी त्याच्या आधारे करता येते. मात्र प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो क्रमांक जुलैमध्ये मिळालेलाच नसतो आणि कार्यालयातील सवयीप्रमाणे त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाते. मग पहिला ‘निरंक’ स्वीकारला जातो आणि त्यानंतरचा प्रत्येक ‘निरंक’ आधीच वापरलेले मूल्य ठरून अडतो. क्रमांक नसेल तर ते मूल्य कोरे सोडावे आणि अशा विद्यार्थ्यांची जुळवणी कार्ड क्रमांकावर करावी; जुळवणीला आधारच नसेल तर पुढच्या इम्पोर्टमध्ये त्याच विद्यार्थ्याची दुसरी नोंद तयार होते.

सर्व अ‍ॅट्रिब्यूट ‘पेट्रन_अ‍ॅट्रिब्यूट्स’ या एकाच रकान्यात येतात. प्रत्येक मूल्याआधी त्याचा कोड व अपूर्णविराम, दोन मूल्यांमध्ये स्वल्पविराम आणि संपूर्ण मजकुराभोवती दुहेरी अवतरणचिन्हे, अशी त्याची मांडणी असते. रकान्याचे नाव इंग्रजीत, लहान लिपीत, अधोरेषेसह आणि अनेकवचनीच हवे. स्वल्पविराम येथे विभाजक असल्यामुळे ‘सीताबर्डी, नागपूर’ असे मूल्य लिहिले, तर ‘नागपूर’ हा तुकडा वेगळा पडतो आणि त्याला कोड सापडत नाही. अतिरिक्त अवतरणचिन्हांची कसरत करण्यापेक्षा मूल्यात स्वल्पविराम न ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

सर्वांत महाग पडलेली चूक माझ्या हातून एका महाविद्यालयात झाली. वसतिगृहातील विद्यार्थ्यांचे खोली क्रमांक मागाहून आले, म्हणून मी केवळ तेवढेच अ‍ॅट्रिब्यूट असलेली फाइल चढवली. परंतु पानाच्या तळाशी ‘सर्व अ‍ॅट्रिब्यूट बदला’ हा पर्याय निवडलेला होता. त्या सर्व विद्यार्थ्यांचे नोंदणी क्रमांक आणि तालुके पुसले गेले. आदल्या दिवशीचा बॅकअप होता, म्हणून माहिती परत मिळाली. अर्धवट माहितीची फाइल असेल, तेव्हा ‘फक्त फाइलमध्ये असलेले अ‍ॅट्रिब्यूट बदला’ हाच पर्याय निवडावा, आणि तो निवडला आहे याची खात्री बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी.

एक्सेलचे नुकसान सहसा उशिरा लक्षात येते. आकड्याच्या सुरुवातीचे शून्य ते गाळते, १२ अंकी संख्या घातांकाच्या रूपात दाखवते आणि १५ अंकांपुढील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य ठेवते. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला तरी तयार सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची) फाइल दोनदा क्लिक करून उघडून पुन्हा सेव्ह केली, की तोच प्रकार घडतो. त्यामुळे तपासणी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करावी. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिल्यास ५ जून आणि ६ मे यांची अदलाबदल होत नाही.

तालुक्याच्या अ‍ॅट्रिब्यूटवर थोडे अधिक थांबतो, कारण आपल्याकडची अडचण येथे स्पष्ट दिसते. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत, पण प्रवेश अर्जांतून आलेल्या यादीत कामठी आणि कॅम्प्टी, सावनेर आणि साओनेर, पारशिवनी आणि पारसिवनी अशी जोडनावे येतात, आणि तालुकावार अहवाल काढला की एकाच तालुक्याचे दोन-तीन गट पडतात. उपाय असा, की कोहामध्ये मान्य मूल्यांची १४ नावांची यादी करावी, ती या अ‍ॅट्रिब्यूटला जोडावी आणि फाइलमध्ये त्या मूल्यांचे कोड लिहावेत. कोडसोबतचे वर्णन, म्हणजे पडद्यावर दिसणारे नाव, लिहू नये. आडनावांसाठी अशी यादी करता येत नाही. ‘वऱ्हाडपांडे’ या आडनावातील ऱ्ह दोन प्रकारे टंकित होतो: कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडते आणि दुसरे सापडत नाही, म्हणून चढवण्यापूर्वी एकच पद्धत ठरवून शोधा-आणि-बदला करून घ्यावे. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर झाल्याशिवाय काहीच करू नये, कारण अन्यथा डेटाबेसमध्ये निरर्थक रोमन अक्षरे साठतात. फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ याच प्रकारात सेव्ह करावी. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात.

प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या ऑनलाइन सूचीत, दिसावा का, हेही ठरवावे लागते. आधार क्रमांकासाठी अ‍ॅट्रिब्यूट करूच नये. पुस्तक देण्या-घेण्यासाठी त्याची गरज नाही आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर तो साठवण्याची जबाबदारी ग्रंथालयाने विनाकारण अंगावर घेऊ नये.

संपूर्ण यादीपूर्वी पाच विद्यार्थ्यांची फाइल चढवून पाहावी: एक क्रमांक नसलेला, एक जुना सदस्य, एक देवनागरी नावाचा आणि दोन साधे. इम्पोर्टनंतर कोहा किती नोंदी घेतल्या, किती बदलल्या आणि किती नाकारल्या ते सांगतो. त्यांची बेरीज फाइलमधील ओळींशी जुळवावी. इम्पोर्ट करतानाच पेट्रन लिस्ट तयार करण्याची खूण केली असेल, तर चुकीचे मूल्य गेलेल्या सदस्यांना बॅच मॉडिफिकेशनमधून एकत्र दुरुस्त करता येते, एकेकाची नोंद उघडत बसावे लागत नाही.