सांध्यांचे सूक्ष्म व्यायाम: या चुका टाळा, सगळ्यात आधी घाई

सूक्ष्म व्यायामात घाम येत नाही, दम लागत नाही. म्हणून नव्याने आलेल्याला वाटतं की आपण काहीच करत नाही आहोत, आणि तो वेग वाढवतो. याच व्यायामांची मालिका म्हणजे पवनमुक्तासन मालिका, तिचा पहिला भाग पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकेक सांधा घेतो. तो नीट केला तर अर्धा तास सहज जातो. सोसायटीच्या गच्चीवर आणि बागेतल्या कट्ट्यावर तोच आठ मिनिटांत उरकलेला दिसतो. मग दोन महिन्यांनी तक्रार येते, रोज करूनही फरक नाही. फरक पडणार कसा? आखडलेल्या जागेला हात लागलेलाच नसतो.

घोटा भिंगरीसारखा फिरवणं

पाऊल जोरात फिरवलं की ते स्वतःच्या वजनाच्या झोकात फिरत राहतं. सांधा जिथे अडतो ती जागा झोकातच ओलांडली जाते. जी हालचाल मुळात होत होती तेवढीच पुन्हा पुन्हा होते.

पाय पसरून बसा, हात मागे टेका, टाचेच्या जरा वर घडी घातलेला टॉवेल ठेवा म्हणजे टाच मोकळी राहील. पायाच्या अंगठ्याला पेन्सिल बांधली आहे आणि समोर घड्याळाची तबकडी आहे असं धरा. आता १२ पासून निघून प्रत्येक आकड्याला स्पर्श करत पुन्हा १२ वर या. एका फेरीला ८ ते १० सेकंद लागले पाहिजेत. बहुतेकांची रेघ कुठेतरी सरळ कापली जाते, किंवा एखाद्या टप्प्यावर पाऊल थरथरतं आणि पुढच्या आकड्यावर उडी मारतं. तीच तुमची अडलेली जागा. तिथे मागे या, त्या दोन आकड्यांमध्ये तीन-चार वेळा सावकाश ये-जा करा, मग पूर्ण फेरी घ्या. पाऊल वर येताना श्वास आत, खाली जाताना बाहेर.

इथे आणखी एक फसगत होते. पाऊल फिरतंय असं वाटतं, पण फिरत असतो अख्खा पाय, खुब्यातून. तळहात नडगीवर ठेवून बघा. हाड हाताखाली डावी-उजवीकडे लोळत असेल तर घोटा काम करत नाही. गुडघ्याची वाटी छताकडे बघत स्थिर राहिली पाहिजे. ती स्थिर ठेवली की वर्तुळ एकदम निम्म्यावर येतं, आणि लोक नाराज होतात. पण ते लहान वर्तुळ खरं आहे, आधीचं मोठं नव्हतं.

हळू का, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे सांध्यातलं वंगण. ते अर्धंच उत्तर आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते, हे खरंच. पण द्रव वेगाने हलवूनही हलतो. हळू करायचं ते स्नायूंसाठी. हालचालीच्या प्रत्येक बिंदूवर सांधा धरून ठेवायची सवय त्यांना लागते, आणि खड्ड्यात पाय पडल्यावर तीच सवय घोटा मुरगळण्यापासून वाचवू शकते.

दोन्ही पाय, दोन्ही दिशा, १० फेऱ्या, म्हणजे पाच-सहा मिनिटं. वेळ नसेल तर फेऱ्या ४ करा. वेग वाढवून १० पूर्ण करण्याला काही अर्थ नाही.

मान पूर्ण गोल फिरवणं

ही चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत धोक्याची. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ वर्गात नवीन आले. सूचना संपायच्या आत त्यांनी डोळे मिटून मान गोल फिरवायला सुरुवात केली, दहाच्या जागी वीस फेऱ्या. उठून उभे राहिले तर तोल गेला, भिंत धरावी लागली. उपाशीपोटी आलो म्हणून झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी केळं खाऊन आले, तसंच फिरवलं, पुन्हा चक्कर.

केळ्याचा इथे संबंध नव्हता. आपला तोल कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव सांभाळतो. डोकं भराभर फिरवलं की तो हिंदकळतो, आणि डोळे मिटलेले असले की मेंदूला स्थिर खूणही मिळत नाही. त्यात मान मागे टाकून त्याच वेळी वळवली की मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर दाब येतो. मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवरही ताण येऊ शकतो. मानेची झीज असलेल्यांनी तर हे करूच नये.

पूर्ण गोल सोडून द्या. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, डोळे उघडे ठेवा. हनुवटी सरळ रेषेत ठेवून उजवीकडे वळा, ४ सेकंद जायला, ४ परत यायला, मग डावीकडे. हनुवटी छातीकडे न्या आणि मधोमध परत आणा. कान खांद्याकडे झुकवा, खांदा कानाकडे उचलू नका. प्रत्येक बाजूला ५ वेळा पुरे. गोलाई हवीच असेल तर पुढच्या बाजूने, एका खांद्याकडून छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे, अर्धचंद्रापुरती. अंथरुणात कूस बदलतानाही चक्कर येत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर मानेचे व्यायाम डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

बाकीच्या चुका

गुडघ्यांवर हात ठेवून दोन्ही गुडघे गोल फिरवू नका. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे, तो वाकवायचा आणि सरळ करायचा. मांडीखाली हात गुंफून धरा, टाच जमिनीवर टेकू न देता पाय पसरा. शेवटी गुडघ्याला झटका देऊन ताठ करू नका.

मनगट फिरवताना बहुतेक जण अख्खा हात कोपरापासून फिरवतात. हात टेबलावर पालथा ठेवा, फक्त पंजा कडेबाहेर काढा आणि मग फिरवा.

खांदे फिरवताना बोटं खांद्यावर, कोपरं समोर एकमेकांजवळ, वर कानांजवळून. खांदे आधीच कानापर्यंत चढले असतील तर आधी श्वास सोडून ते खाली आणा.

कटकन आवाज आला आणि दुखलं नाही तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा द्रवातल्या वायूच्या बुडबुड्यांचा असतो. आवाज मुद्दाम काढत बसू नका.

दुखलं तरी रेटायचं, ही वृत्ती इथे चालत नाही. वेदना सुरू होते त्याच्या जरा अलीकडे थांबा. दुसऱ्या दिवशी सांधा जास्त दुखत असेल तर हालचाल निम्मी करा. सुजलेला, गरम सांधा फिरवायचाच नाही. सकाळी बोटं तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील आणि सूजही असेल तर ते आमवाताचं लक्षण असू शकतं, तपासून घ्या.

हे व्यायाम मोबाइल बघत करायचे असतील तर करूच नका.

आणि पायाची बोटं कुणी वगळू नका. चालताना प्रत्येक पावलाला अंगठा बुडाशी वाकतो. तो आखडला की भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि चप्पल त्या बाजूने झिजते. तुमची चप्पल उलटी करून बघा. घोटे न हलवता फक्त बोटं, मागे घेताना श्वास आत, पुढे दुमडताना बाहेर, १० वेळा. पहिल्या आठवड्यात बोटं ऐकत नाहीत. तेव्हा हाताने धरून वाकवा आणि सोडल्यावर तीच हालचाल त्यांना स्वतःहून करायला लावा.